जेरबंदाचं माप

दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच दार होतं, आणि त्या दारात सासरे बसायचे. पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला. मागच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून शेजारची भिंत तेवढी दिसायची. बाहेर जायचं तर सुनेनं म्हणायचं, "मामंजी, पाय घ्या जरा." मग कुठे, कशाला, किती वेळ. एवढी उत्तरं देण्यापेक्षा तिनं बाहेर जाणंच कमी करत आणलं होतं.

नवरा जाऊन चार वर्षं झाली. सासऱ्यांची नजर त्याच सुमारास मंदावली. तेव्हापासून खोगीर, लगाम, तंग, सगळं तीच शिवायची, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, म्हाताऱ्याचा हात अजून काय चालतो! तिला त्याचं वाईट वाटत नसे. सकाळी पहिला टाका घालताना ती देवाला एवढंच सांगायची, आज तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. हा तिचा रोजचा नेम.

मंगळवारी घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई जुन्या पट्ट्यांचं गाठोडं घेऊन आल्या. सासऱ्यांची हनुवटी छातीवर टेकलेली, घोरणं सुरू. बाईंनी त्यांच्या पायांवरून आत डोकावून एक लांब पट्टा दाखवला.

"हे काय असतं हो? गाठोड्यात निघालं."

"जेरबंद," सून म्हणाली. "हल्ली कुणी फारसा वापरत नाही. हे टोक पोटाखालच्या तंगात ओवायचं, पट्टा पुढच्या दोन पायांमधून वर घ्यायचा आणि नाकावरच्या पट्टीला अडकवायचा. घोडा मान उडवतो ना, ती उडवू नये म्हणून."

"म्हणजे बांधून टाकायचं."

"नाही, बांधायचं नाही. घोडा सरळ उभा असताना पट्टा वर दाबला तर गळ्याला टेकला पाहिजे, एवढा सैल ठेवायचा. आखूड झाला आणि घोड्याला ठेच लागली, तर मान वर करून तोल सावरता येत नाही. तोंडावर आपटतो बिचारा."

बाईंनी पट्टा गाठोड्यात ठेवला. "आमच्याकडे याल कामाला? अठरा घोडी आहेत. राहायला खोली देऊ."

"ती नाही यायची," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "तिला इथं सोडून कुठे करमत नाही."

सुनेनं तोंडही उघडलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "शनिवारी येते. त्यांच्याच तोंडून ऐकेन."

त्याच दुपारी टांगेवाला आला. त्याची घोडी मान उडवायची, त्याला जेरबंदच हवा होता. सून दोरी घेऊन उठली, तर सासरे म्हणाले, "तू बस. माप मी घेतो. रस्त्यावर बाईमाणसाचं काय काम?" परत आले ते दोरीला गाठ मारून. तिनं दोरी हातावर धरली. वीतभर तरी कमी होती.

"मामंजी, आखूड वाटतंय."

"मी माप घ्यायला लागलो तेव्हा तुझा बापही पाळण्यात होता. मान खाली घाल आणि शिव."

तिनं मान खाली घातली आणि शिवला. खोटं ती बोलली नव्हती. न बोलणं खोट्यात धरायचं की नाही, हे मात्र तिनं देवाला कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी बाई आल्या आणि पाठोपाठ टांगेवालाही आला. तो ओरडला नाही, पट्टा फळीवर ठेवला फक्त. "उतारावर ठेच लागली. दोन्ही गुडघे सोलून निघाले तिचे. गाडी रिकामी होती म्हणून बरं."

सासऱ्यांनी पट्टा चाचपला. "माप मी बरोबर दिलं होतं. पोरीनं आखूड कापला."

बाईंनी आत पाहिलं. सुनेच्या मागे खिळ्यावर ती गाठीची दोरी लोंबत होती. ती काढून पट्ट्याला लावून दाखवली असती, तर चौघांसमोर निकाल लागला असता. तिनं दोरी काढली नाही.

"माप घेतलं तेव्हा घोडी काय करत होती?" तिनं टांगेवाल्याला विचारलं.

"काय करणार? दाण्याचा तोबरा तोंडाला बांधला होता, खात होती."

"म्हणजे मान खाली होती, म्हणून माप आखूड आलं. मामंजींना दिसलं नाही. मला दिसत होतं आखूड आहे, तरी मी शिवला. ती चूक माझी."

मंद नजरेचा विषय या घरात पहिल्यांदाच निघाला होता.

"आमच्याकडे असं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "दिसलं तर बोलावं लागेल."

"बोलेन. पण आधी यांना नवा पट्टा शिवून देते."

टांगेवाल्यानं रस्त्यावरूनच, घोडीची मान वर धरून, नवं माप आणून दिलं. तिनं रापीनं चामडं कापलं, दोऱ्याला मेण लावलं. बाई पायरीवर बसून राहिल्या. तासाभरात शेवटचा टाका पडला. तिनं चामड्याला भोकं पाडायची आरी पुसून पदराच्या टोकाला बांधली, दोन लुगडी पिशवीत घातली आणि दारापाशी आली.

"मामंजी, पाय घ्या जरा."

या वेळी त्यांनी कुठे, कशाला विचारलं नाही. पायही हलवले नाहीत. ते ओलांडून जाणं तिच्याच्यानं झालं नसतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ती पिशवी धरून उभी राहिली. बाहेर घोडी खूर आपटत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी एक पाय जवळ घेतला.

"मग माप कोण घेणार इथं?"

"तुम्हीच घ्या. तेवढा तोबरा आहे का, हात लावून बघत जा. शिवायला मी रविवारी येईन."

"रविवारी," ते म्हणाले. "सकाळी की दुपारी?"

"सकाळी."

मग त्यांनी दुसरा पाय घेतला.