काळी राहायला हवी होती ती काचपट्टी

धाकट्या भावाची ताई हळूहळू प्रयोगशाळेत सगळ्यांचीच ताई झाली होती. त्या सकाळी मात्र तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. मायक्रोस्कोपखाली जी काचपट्टी काळीकुट्ट दिसायला हवी होती, ती हिरवीगार चमकत होती.

अंधुक उजेडात दिसावं म्हणून डोळ्याच्या पडद्यात एक प्रथिन असतं. ते कुठे आहे हे कळायला ताई अँटिबॉडी वापरायची. ती त्या प्रथिनाला चिकटली की चमकते. पण पट्टीवरचा हा पडदा होता ज्या उंदराचा, त्याच्यात ते प्रथिन जन्मापासूनच नव्हतं. मग ही बया चिकटली कुणाला? ताईने सगळं धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच.

तिला आधी भाऊ आठवला. त्याला रातांधळेपणा होता. त्याच्यासारखाच दोष असलेल्या उंदरात प्रथिन पेशीच्या टोकापर्यंत नीट पोचतं, असं याच अँटिबॉडीने दाखवलं होतं. म्हणजे प्रथिन जागेवर आहे, नुसतं औषधाने जागं केलं की दिसायला लागेल, असं तिने भावाला आनंदाच्या भरात सांगितलं, आणि त्याने अंधारात काठी घेऊन चालायला शिकवणारा वर्ग सोडला.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, अँटिबॉडीची बाटली खराब असेल, आधी परिषदेतलं माझं भाषण होऊन जाऊ दे. ताईला धीर निघेना. तिने शेजारच्या प्रयोगशाळेतून वेगळी अँटिबॉडी मागून आणली. आता प्रथिन नसलेल्या उंदराची पट्टी काळी राहिली. आणि भावाच्या दोषाच्या उंदरात प्रथिन टोकाला पोचलंच नव्हतं, पेशीच्या पोटातच अडकून बसलं होतं. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि परिषदेतलं भाषण स्वतःच रद्द केलं.

ताई तशीच भावाकडे गेली. पट्ट्यांवर काय दिसलं ते सगळं सांगितलं.

"पोचतं म्हणाली होतीस तू."

"चुकले मी."

"म्हणजे औषध नाही."

"ते नाही. दुसरं कधी सापडेल, माहीत नाही."

"तुझ्या भरवशावर मी वर्ग सोडला, ताई."

त्याने तिच्यासमोरच वर्गाच्या शिक्षकांना फोन लावला. ती वर्गाला सोबत येते म्हणाली, तर नको म्हणाला.

मग कितीतरी दिवस तो बोललाच नाही. ती काम करायची, मधेच उठून फोन बघायची, पुन्हा बसायची. एका दुपारी हातात मोजे असतानाच फोन वाजला.

"वर्ग बरा चाललाय," तो म्हणाला. जरा थांबून, "आणि ताई, हे प्रथिनाचं घोडं नेमकं कशाने अडतं?"

"तेच बघतेय रे," ती म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच तिने पुढची पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली.