डिलीटचं बटण नसलेली थीम

सर्व्हरच्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं, आणि पुडी फोडून खाल्ली तर विचारूच नका.

टेबलाच्या कडेला लाल खोकं. सकाळपासून तसंच.

या महिन्यात लग्नाला चांगले दिवस नऊ.

ओसाकातलं एक मांजर, खिडकीत.

थीम सात. वापरात एक.

“श्यो-लान असती तर हे दोन मिनिटांत झालं असतं.”

*

शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात कोणी म्हणत नाही. ते मीच म्हणते, मनात, दिवसातून चार-पाच वेळा.

साहेब नेहमी बाहेर. ऑफिसात मी आणि आ-खुन. तो यंत्रं सांभाळतो, मी दुकानांच्या वेबसाइटची रूपं. माझ्या खुर्चीवर आधी चान श्यो-लान बसायची. दोन वर्षांपूर्वी ती ओसाकाला गेली. खुर्चीची उंची मी पहिल्याच दिवशी बदलली.

ग्वो बाईंचं दुकान आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आमच्या ताइनान शहरात साखरपुडा ठरला की मुलीकडचे नातेवाइकांना केकची खोकी वाटतात, ती ग्वो बाईंकडची. हल्ली सगळ्या ऑर्डरी वेबसाइटवरून. वेबसाइट श्यो-लाननं उभी केली. मी आल्यावर तिला नवं रूप दिलं: गडद लाल, मोठे फोटो, टपोरी अक्षरं. महिनाभर खपले. ग्वो बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “छान झालंय! श्यो-लाननं केलं का?”

एकदाच म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी. मला एकदा पुरलं.

*

श्यो-लानबद्दल मला असलेली माहिती:
ती चहात साखर घालत नाही.
तिचं अक्षर सुंदर आहे (कपाटावरच्या चिठ्ठ्या अजून तशाच).
ती गेल्यावरही ग्वो बाईंची खोकी तिच्याच नावानं यायची. पहिल्या दोन खोक्यांवरचं नाव वाचल्यावर मी वाचणं सोडलं. आ-खुन खातो.
तिचं मांजर (रोज त्याचा खिडकीतला फोटो टाकते).

*

गुरुवारी सकाळी साहेबांचा निरोप आला: सगळ्या वेबसाइटवरच्या न वापरलेल्या थीम, म्हणजे जुनी रूपं, काढा; जुन्या थीममधून चोर शिरतात.

काम सोपं असतं. आधी बॅकअप. मग वापरात कोणती आहे ते बघायचं. अडीनडीला एक साधी थीम ठेवायची. बाकीच्या एकेक करून काढायच्या आणि दर वेळी वेबसाइट उघडून बघायची.

बॅकअपच्या यादीत ‘थीम’ या चौकटीत खूण होती. ती मी काढली. जे फेकायचंय ते जपून कशाला ठेवायचं?

चार थीम गेल्या. राहिल्या तीन: माझी लाल, एक साधी, आणि ‘लान-२’. हिचा फोल्डर उघडला की पहिल्या ओळीत लेखिकेचं नाव. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. मला दिसतं.

बाकीच्यांच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘डिलीट’ होतं. हिच्या कोपऱ्यात काहीच नाही.

“आ-खुन, हिच्या थीमला डिलीटचं बटणच नाहीये.”

“मग नको करूस.”

“का?”

“टॉयलेटचं दार उघडत नसलं तर आत कोणीतरी असतं, फेंग-झू.”

“तिनं मुद्दाम केलंय. जाताना स्वतःची पाटी ठोकून गेलीय.”

“दोन वर्षं झाली तिला जाऊन. तुझा नवरा पळवला होता का तिनं?”

“मला नवरा नाही.”

“तेच म्हणतोय. रिकामा वेळ फार आहे तुला.”

मी मागच्या दारानं गेले. सर्व्हरवरचे फोल्डर उघडले, ‘लान-२’ निवडला, डिलीट केला. अकरा वाजून दहा मिनिटं. तोंडाला गोड चव आली. खरंच आली. या वेळी मी वेबसाइट उघडून बघितली नाही.

अकरा चौदाला फोन. ग्वो बाई.

“अगं पोरी, दुकान पांढरं झालंय! नुसतं पांढरं! च्यायी शहरातली एक नवरीची आई एकशेवीस खोकी निवडत होती, ती म्हणते मी बुडवलं तिला!”

*

थीम दोन तऱ्हांनी करता येते. सगळं स्वतः लिहायचं. नाहीतर दुसऱ्याची थीम खाली ठेवायची आणि वर फक्त आपले बदल लिहायचे. खालची ‘वापरात नाही’ असं दिसतं, पण वरची उभी असते तिच्यावरच. ती काढू नये म्हणून तिला बटण नसतं.

माझी लाल थीम दुसऱ्या तऱ्हेची होती. पंधरा दिवसांपुरती तशी केली होती. सवड मिळाली की सगळं स्वतः लिहिणार होते. मग साहेबांना सांगितलं, सगळं मी लिहिलंय. आईला सांगितलं. आ-खुनला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाही पटलं. थीमच्या तपशिलात एक ओळ असते: ही ‘लान-२’वर बेतलेली आहे. तो तपशील मी दोन वर्षं उघडला नव्हता.

“तुझ्याकडे जुना बॅकअप असेल ना?” मी फोनवर हात ठेवून विचारलं.

आ-खुननं आधी हिरव्या पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आहे. दुसऱ्या केंद्रातून मागवावा लागेल. तीन तास. तिला विचारलंस तर तीन मिनिटं.”

तीन तास, आणि लग्नाचा महिना. फोनवर ग्वो बाईंचा श्वास ऐकू येत होता.

मी श्यो-लानला निरोप लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला: चुकून उडालं. ‘चुकून’ खोडलं. पाठवला.

चार मिनिटांत फोल्डर आला. सोबत नाचणाऱ्या सशाचं चित्र.

“तू अजून त्यावरच आहेस? मला वाटलं, कधीच नवं लिहिलंस! तुझा लाल काय सुरेख आहे गं. मी इथूनही बघत असते.”

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

फोल्डर जागेवर ठेवला. माझी थीम पुन्हा चालू केली. दुकान लाल झालं. अकरा एकतीस.

“आलं, आलं!” ग्वो बाई ओरडल्या. “काय झालं होतं गं?”

सर्व्हर म्हणता आलं असतं. पुडी जुनी झाली म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. आ-खुन कान देऊन बसला होता.

“माझ्याकडून उडालं. श्यो-लाननं पाठवलं म्हणून परत आलं. खालचं काम अजून तिचंच आहे.”

“कोण श्यो-लान? हां, ती उंच मुलगी! बरी आहे ना? बरं, ठेवते. त्या बाईला फोन करायचाय.”

मी श्यो-लानला आभाराचे दोन शब्द पाठवले आणि तिच्या मांजराचा आजचा फोटो पाहिला. जाड झालंय. बरं वाटलं.

मग एक नवा फोल्डर केला. त्यात पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली. या वेळी खाली कोणीच नव्हतं.

लाल खोकं सकाळी साडेनऊला आलं होतं, आणि वरच्या चिठ्ठीवर ग्वो बाईंच्या अक्षरात शेन फेंग-झू असं लिहिलेलं होतं.