ऊन उतरल्यावर बघायच्या बागा

मलपृष्ठ

मित्रांनो, माझं मुखपृष्ठ गळून पडलं आहे, म्हणून ओळख पाठीकडून करून देते. मी ब्रिटनमधल्या रस्त्यांची एक जुनी नकाशावही आहे. पानं एकशे साठ, त्यातली चार सुटी. सध्याचा मुक्काम सोलापूर, विजापूर रोड, एका रोपवाटिकेतली पत्र्याची खोली. ब्रिटनमधला एकही रस्ता इथून जवळ नाही. तरी मी बेकार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पान १

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझे मोठे रस्ते निळे होते, मधले लाल, गल्लीबोळ पिवळे. जिथे लोकांनी बघावी अशी बाग असेल तिथे एक बारीक हिरवं फूल छापलेलं होतं. त्या फुलांकडे पुष्कळ वर्षं कुणी पाहिलं नाही. मी फर्निचर पोहोचवणाऱ्या एका गाडीत कामाला होते, आणि कपाटं पोहोचवणारा माणूस बागेत कशाला थांबेल? चौदा वर्षांत त्याला मी एकदाही चुकीच्या दारात नेलं नाही. तो चहाचा पेला माझ्यावरच ठेवायचा. पान नव्वदवरचे गोल डाग मी अजून मानाने मिरवते.

मग बोलणारा फोन आला. मी लेस्टर शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले आणि सहा वर्षं एका पाककृतींच्या पुस्तकाला टेकून उभी राहिले. कुणी उघडलं नाही. वाईट वाटलं, पण खचले नाही. रस्ते जिथे होते तिथेच होते, आणि ते मला पाठ होते.

तिथून मला मल्हारने उचललं. तो मूळचा सोलापूरचा, लेस्टरमधल्या एका गोदामात कामाला. त्याची बायको सुकन्या इस्पितळात नर्स. मल्हारचे आईवडील, बाळाबाई आणि आण्णा, पहिल्यांदाच विमानात बसून आले होते आणि चौघांना गाडीने सात दिवस ब्रिटन फिरायचं होतं. मला विकत घेतलं ते आण्णांसाठी.

आण्णांनी उभा जन्म मेंढरांमागे पायी काढलेला. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता.

"ती बाई नुसतं उजवीकडं, डावीकडं म्हणती," ते म्हणाले. "मुलूख कुटं दावती?"

मी मुलूख दावला. त्यांना माझं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण नदी कुठून निघते, डोंगर कुठे अडवतो, हे ते बोट फिरवून बरोबर सांगत. एवढं चांगलं मला आधी कुणी वाचलं नव्हतं.

पान ३, कुंकू लागलेलं

हिरवं फूल बाळाबाईंना सापडलं.

"ही काय गं, सुकन्या?"

"बाग हाय, आत्या." सुकन्या सासूला आत्या म्हणते.

बाळाबाईंनी बटव्यातली कुंकवाची डबी काढली आणि आमच्या वाटेवरच्या प्रत्येक फुलाशेजारी टिकली ओढली. अकरा टिकल्या झाल्या.

मित्रांनो, यामागचं कारण ऐका. बाळाबाई बावीस वर्षं रोपवाटिकेत पिशव्या भरतात. माती, वाळू, शेणखत, मग त्यात कडुनिंब, करंज, बकुळ. रोप गुडघ्याएवढं झालं की टेम्पो येतो आणि घेऊन जातो. कुणाच्या बंगल्यात, कुणाच्या शाळेत. एकदा त्या टेम्पोबरोबर गेल्या होत्या. फाटकावर रखवालदाराने रोपं उतरवून घेतली आणि त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. आपल्या हाताखाली वाढलेलं रोप मोठं झाड होऊन कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

"मला एक बाग आतनं बघायची हाय," त्या म्हणाल्या. "फाटकातनं न्हाय. आतनं, समदी."

"आये, अकरा बागा न्हाय व्हायच्या," मल्हार म्हणाला. "किल्ल्यांची तिकिटं काढल्यात. तळी हायत. आण्णांची कुत्र्यांची शर्यत हाय."

ही शर्यत म्हणजे शिट्टीवर मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यांची. आण्णा गावाकडून निघाल्यापासून तिचंच बोलत होते.

"दिवसा बगा की तुमचे किल्ले," बाळाबाई म्हणाल्या. "बागेत काय दिवसा जात्यात व्हय? ऊन उतरल्यावर जाऊ."

हे सगळ्यांना पटलं. मल्हारलाही, सुकन्यालाही. तुम्ही सोलापूरचे असाल तर तुम्हालाही पटेल. बेचाळीस अंशांत दुपारी बागेत कोण जातं? बाग म्हणजे संध्याकाळ, हे त्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

पान ५१ आणि ६२, पातळ झालेली

पहिल्या दिवशी आम्ही वेल्समधल्या एका बागेशी सव्वासहाला पोहोचलो. फाटक पाचलाच बंद झालेलं. जून महिना होता, ऊन लखलखत होतं आणि अंधार पडायला अजून साडेतीन तास होते.

आण्णांनी वर पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. "सूर्य कामावर हाय आन् माळी घरला गेलाय."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पोहोचलो. बाग सुरू होती, पण शेवटचा प्रवेश साडेचारचा. खिडकीतल्या बाईने फार गोड शब्दांत नाही म्हटलं. उशीर का झाला? आण्णांना वाटेत सात ठिकाणी मेंढरं दिसली आणि सात ठिकाणी गाडी थांबली.

"पाठीवर रंग मारलाय बग, आपल्यागत," ते कुंपणाला टेकून सांगत. "पर राखण्या न्हाय, काठी न्हाय. ही मेंढरं ऐकत्यात कुणाचं?"

तिसऱ्या दिवशीची बाग त्या वारी बंदच असते. चौथ्या दिवशी किल्ल्यातच पाच वाजले.

रोज गाडीत बसल्यावर बाळाबाई बोट जिभेला लावत आणि त्या दिवशी वाटेत हुकलेल्या साऱ्या बागांच्या टिकल्या पुसून टाकत. मी आत्तापर्यंत जरा ताठ्यातच होते, हे कबूल करते. रस्ता चुकला नव्हता, एकदाही नाही. पण बाग कुठे आहे एवढंच माझ्यात छापलंय. ती कधी उघडी असते ते नाही. त्यांच्या बोटाखाली माझा कागद झिजत होता आणि मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

पान ७७, अर्धं

पाचव्या दिवशी उत्तरेकडच्या मुक्कामी नाश्त्याच्या टेबलावर मी उघडी होते. बाजूला सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आता एकच टिकली उरली होती, तीही शर्यतीच्या उलट दिशेला तीस मैलांवर. त्याच सकाळी दहाला शर्यत होती.

बाळाबाईंनी बोट ओलं केलं. "ऱ्हाऊ द्या. बघितल्या की गाडीतनं."

आण्णांनी त्यांचं मनगट धरलं. त्या झटापटीतच माझं हे पान अर्धं फाटलं.

"थांब," ते म्हणाले. "मल्हार, कळप काढताना आपण आदी काय ठरवतो?"

"वाट."

"इसरलास. आदी पाणी. दुपारचं पाणी कुटं, ते ठरलं की सकाळची वाट आपसूक ठरती. तू साऱ्या वाटा ठरवल्यास आन् हिचं पाणी उरलेल्या वेळावर टाकलंस. म्याबी तेच केलं."

सुकन्याने फोनवर पाहून सांगितलं, "दहाला उघडती, मामा. पण दहालाच तुमची शर्यत."

"कुत्र्यांनी माझी वाट बघतो म्हणून सांगितलंय व्हय?"

"आण्णा, तुम्ही महिनाभर तेच बोलत होता," मल्हार म्हणाला.

"बोललो न्हवं? झालं की मग."

त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं आणि तिथून मागे, आम्ही होतो तिथपर्यंत, वाट ओढत आणली. इतक्या वर्षांत माझ्यावरून उलटा प्रवास कुणी केला नव्हता. माणसं नेहमी निघतात तिथून सुरू करतात. आण्णांनी पोहोचायचं तिथून सुरू केलं. वाटेत तीन ठिकाणी मेंढरं होती. गाडी थांबली नाही. दहाला पाच कमी असताना आम्ही फाटकाशी होतो आणि दहाला फाटक उघडलं.

पान ७८

मी सुकन्याच्या पिशवीतून डोकावून पाहिलं ते सांगते. बाळाबाई पहिली दहा मिनिटं हळू चालल्या, जणू कुणी हटकेल. कुणी हटकलं नाही. मग त्यांनी पदर खोचला. एका झाडाच्या बुंध्याला दोन्ही हात लावले, ते पुरले नाहीत, तेव्हा आण्णांना पलीकडून हात लावायला लावले.

"ह्यातलं खायाचं काय हाय?" आण्णांनी विचारलं.

"तुमी गप ऱ्हावा."

तीन तास गेले. शेवटी बागेच्या मागच्या अंगाला एक काचेची खोली लागली. तिथे पांढऱ्या केसांची माळीणबाई टेबलावर कुंड्या भरत होती. बाळाबाई दारातच थबकल्या. बराच वेळ तिचे हात बघत राहिल्या.

"लई दाबती ही माती," त्या म्हणाल्या. "मुळ्या गुदमरतील. सांग तिला."

"आत्या, असं कसं सांगू?"

"खरं हाय ते सांग."

सुकन्याने जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. माळीणबाईने क्षणभर पाहिलं आणि एक रिकामी कुंडी पुढे सरकवली. बाळाबाईंनी माती भरली, अंगठ्याने दाबली नाही. कुंडी उचलून टेबलावर दोनदा आपटली. माती आपली आपण बसली. माळीणबाईने पुढची कुंडी तशीच आपटून पाहिली आणि मान डोलावली. मग तिने विचारलं, तुमची बाग केवढी आहे?

सुकन्या गोंधळली. मल्हारने जमिनीकडे पाहिलं.

बाळाबाईंनी हात झटकले. "सांग तिला, माजी बाग लई मोठी हाय. निम्म्या सोलापुरात हाय. फकस्त म्या अजून बघितली न्हाय."

पान १६१

माझी छापील पानं एकशे साठ, हे खरं. पण शेवटी एक कोरं पान असतं, टिपणांसाठी. सोलापूरला परतल्यावर आण्णांनी त्यावर पेन्सिलीने विजापूर रोड काढला, मग सात रस्ता चौक, होटगी रोड, जुळे सोलापूर. पहिल्या शुक्रवारी बाळाबाई मला काखेत घेऊन टेम्पोत चढल्या.

"बाळाबाई, मी उतरवतो की रोपं," टेम्पोवाला ईरप्पा म्हणाला. "तुमचं काय काम?"

"तू रोपं उतरीव. मला नऊ सालांमागचा करंज बघायचाय."

होटगी रोडच्या बंगल्याशी मालक स्वतः बाहेर आले. काय पाहिजे, त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. माजं झाड हाय तुमच्यात. बघाया आले."

मालक थोडे गडबडले. मग त्यांनी कडी काढली. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या कोऱ्या पानावर सव्वीस झाडं आली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वही असेल तर तिला रद्दीत देऊ नका. माझ्या फाटक्या पानाला चिकटपट्टी लावली तशी तिलाही लावा. आणि कुठेही निघाल तेव्हा घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसापुढे तिला उघडा. त्याचं बोट जिथे पडेल तिथून उलट, आपल्या दारापर्यंत रस्ता आखत या. मी पुढच्या शुक्रवारी जुळे सोलापूरला आहे. तिथल्या शाळेत बकुळ असायला हवी.