फॉर आणि टू यांच्यामध्ये

मास्तरांनी गाजर फळीवर आडवं धरलं आणि सुरी अशी काही दाबली, की गाजराचा तुकडा टुणकन उडून ओट्याखाली गेला.

‘दाबायची नाही, दादा. ओढायची,’ शिलाई मशीनवरून मान न वळवता धाकटी म्हणाली. ‘हं, सांग पुढचं वाक्य.’

मास्तर वाकले, तुकडा शोधला, धुतला. तेवढ्यात वाक्य विसरले.

धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. नवरा गेल्यावर ती त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं आणि पुस्तकांची खोली मास्तरांची, अशी न बोलता वाटणी होऊन गेली होती. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. जन्मभर शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं आणि घरी येऊन पुन्हा व्याकरणच वाचलं. आता धाकटीचा मुलगा परदेशात स्थिरावला होता, सुनेचे दिवस भरत आले होते आणि तो आईला कायमचं तिकडे बोलावत होता. त्यासाठी तिला इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. शिकवायला घरातच मास्तर असताना बाहेर कुठे जायचं?

पहिल्याच दिवशी तिने अट घातली होती. हात चालू असल्याशिवाय तिची जीभ चालत नाही. म्हणजे धडा शिवताना. आणि शिवताना तिला चिरता येणार नाही, तेव्हा चिरायचं मास्तरांनी. मास्तरांनी ही विद्यार्थ्याची लहर समजून मान्य केली. मग चिरण्याबरोबर भांडी आली, इस्त्री आली, गॅसची शेगडी पेटवणं आलं. काडी पेटवताना ते अजून एक पाय मागे घेत.

‘मला झोपणं कठीण आहे,’ मास्तरांना वाक्य आठवलं.

‘इट इज हार्ड फॉर मी टू स्लीप.’

‘त्याला.’

‘फॉर हिम टू स्लीप. तो असला तरी स्लीप्स नाही म्हणायचं.’ मशीनचा खडखडाट थांबला. तिने दोरा दाताने तोडला. ‘फॉरनंतर माणूस, टूनंतर काम. माणूस बदलला तरी काम आहे तसंच.’

‘आणि मधला माणूस काढला तर?’

‘तर वाक्य चालतं. इट इज हार्ड टू स्लीप. फक्त कुणाची झोप उडाली ते कळत नाही.’

मास्तरांना आनंद झाला आणि लगेच कुठेतरी टोचलं. उत्तर बरोबर होतं. कालही बरोबर होतं. खरं तर वर्गात इतक्या वर्षांत एवढं नेमकं कुणी सांगितलं होतं, असं त्यांना आठवेना. ते उठले, खिडकीशी गेले, समोरच्या इमारतीतला माणूस पायपुसणं झटकत होता तो थोडा वेळ पाहिला, आणि पुन्हा येऊन बसले.

‘या लोकांचं एक मला समजत नाही,’ धाकटी म्हणाली. ‘तू यावंस असं मला वाटतं म्हटलं, तर आय वॉन्ट यू टू कम. तिथे फॉर नको. आणि तू येण्याची वाट बघते म्हटलं, की आय ॲम वेटिंग फॉर यू टू कम. तिथे मात्र फॉर पाहिजेच. असं का?’

‘वॉन्टला माणूस थेट चालतो. वेटला मध्ये फॉरचं दार लागतं.’

‘वा! ज्याला हवंय तो सरळ आत, आणि जो बिचारा वाट बघतोय त्यालाच दार.’

मास्तर हसले. मग चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

‘मग आता पुढचा धडा घेऊ या?’ तिने विचारलं.

‘घाई काय आहे? हा पक्का होऊ दे.’

‘अजून? दादा, अख्खा हिवाळा गेला या फॉरमध्ये. एकाच जागी इतक्या टिपा मारल्या ना, की कापड फाटतं.’

‘पाया कच्चा ठेवून पुढे जायचं नाही, असा माझा नियम आहे.’

‘नियम!’ ती पुटपुटली आणि पडद्याची घडी घालू लागली. पण रागावलेली दिसली नाही. तिचं हे न रागावणंच मास्तरांना अलीकडे बेचैन करत होतं. शाळेत हुशार मुलाला ते कधी असं अडवून धरत नसत. उलट मुख्याध्यापकांशी भांडून त्याला वरच्या वर्गात बसवत. हे आठवलं की ते उठून दाराची कडी पाहून येत. आताही पाहून आले.

धाकटी पडदे पोचवायला निघाली. चपला घालता घालता तिच्या सूचना चालू होत्या.

‘दूध तापत ठेवलंय, उतू घालवू नकोस. आजचं सूप तू करायचं, सगळं. शिजलं की घोट, मग चव बघून मीठ. चव बघून, कळलं? पुस्तकात बघून नाही.’

‘पालथ्या घड्यावर पाणी ओततेयस.’

‘बघू या घडा किती दिवस पालथा राहतो,’ ती म्हणाली आणि जिना उतरली.

तिचा मोबाइल ओट्यावरच राहिला होता. गाजर-बटाटे शिजत आले असताना तो वाजला.

‘मामा? तूच बोलतोयस का? बरं झालं,’ भाचा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा घाईत होता. ‘आई नसतानाच विचारायचं होतं. मी तिकीट कधीचं काढू?’

‘अरे, परीक्षा तरी होऊ दे आधी.’



‘परीक्षा कधीच झाली, मामा. आई पास झाली. चांगले गुण मिळाले. तुला सांगितलं नाही तिने?’

मास्तरांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

‘तुझीच कृपा. परीक्षक म्हणाले, वाक्यरचना एकदम चोख. पण तेव्हापासून तिकिटाचं काढलं की एकच उत्तर. मामा अजून कच्चा आहे, थोडं थांब. कशात कच्चा म्हणून विचारलं तर सांगत नाही. मामा, तुझी तब्येत बरी आहे ना? इकडे हिला कधीही दवाखान्यात न्यावं लागेल. आईने आता यायला हवं रे.’

‘माझी तब्येत उत्तम आहे,’ मास्तर म्हणाले. ‘मी तिच्याशी बोलतो.’

फोन ठेवल्यावर त्यांना प्रथम राग आला. पोस्टात जाऊन येते म्हणून गेली होती त्या दिवशी, तेव्हाच असणार. आणि तरी रोज समोर बसून फॉर मी, फॉर हिम म्हणत राहिली. म्हणजे कोण कुणाला खेळवत होतं? ते येरझारा घालू लागले. मग त्यांची नजर शेगडीकडे गेली. दुधाखालचा गॅस बंद होता. साय वर येऊन स्थिर झाली होती, पातेल्यावर झाकण तिरकं ठेवलेलं होतं. हे कुणी केलं? घरात दुसरं कुणी नव्हतं. भाचा बोलत असताना दुधाचा आवाज बदलला असणार, आणि आपला हात आपल्याला न विचारता तिकडे गेला असणार.

ते स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभे राहिले. दोरीवर त्यांनी इस्त्री केलेले चार सदरे टांगलेले होते. गळपट्ट्या ताठ होत्या. दुसऱ्या शेगडीवर सूप रटरटत होतं. त्यांनी ते घोटलं. चमच्यात थोडं घेऊन फुंकर घातली, चव पाहिली. एक चिमूट मीठ हवं होतं. नेमकं एक चिमूट. हे त्यांना शंका न येता कळलं, आणि त्यांना आयुष्यात फारच थोड्या गोष्टी शंका न येता कळल्या होत्या.

त्यांनी मिठाचा डबा उघडला. एक चिमूट टाकली. मग मागे वळून बंद दाराकडे पाहिलं, आणि मुठीत मावेल तेवढं मीठ घेऊन पातेल्यात सोडलं.

धाकटी परतली तेव्हा त्यांनी वाडगे मांडले होते, पाव कापून ठेवला होता. तिने हात धुतले. ओट्यावरचा मोबाइल तिला दिसला.

‘कुणाचा फोन आला होता का?’

‘तुझ्या लेकाचा.’

‘काय म्हणाला?’

‘काही नाही. हवापाणी.’ मास्तर चमचे पुसू लागले. ते कोरडेच होते.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग खाली बसून पहिला चमचा तोंडात घातला.

तिचा हात थांबला. मास्तर स्वतःच्या वाडग्यात बघत राहिले. आता ती म्हणेल, अरे देवा, हे काय करून ठेवलंस! म्हणेल, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मग उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांचे कान तापले होते.

धाकटीने घास गिळला. दुसरा चमचा घेतला. पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. वाडगा संपवला आणि उठून आणखी अर्धा वाढून घेतला.

‘मीठ जरा...’ मास्तरच शेवटी म्हणाले.

‘छान झालंय,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशाने ते सांगता येत नव्हतं. ‘अगदी छान. आता मला काळजी नाही.’

तिने तांब्यातलं पाणी थेट वरून घटाघटा प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि मोबाइल घेऊन पुस्तकांच्या खोलीत गेली. मास्तरांनी पहिल्यांदाच आपल्या वाडग्यातलं सूप चाखलं. जीभ आक्रसली. समुद्राचं पाणी बरं.

आतून तिचा आवाज येत होता. या आठवड्यातलं मिळतं का बघ. हो, खिडकीजवळचं चालेल. सुनेला म्हणावं, पाय वर करून पडून राहा. मग तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण तिचा आवाज एकदम घरातला झाला.

‘दादा, खारट झालं की त्यात कच्चा बटाटा टाकायचा असतो. मोठे काप करून.’

‘माहीत आहे मला,’ मास्तर म्हणाले. बटाटा त्यांनी सोलायला घेतलाच होता.