हीटरच्या पंख्याच्या जागी बसलेला नळ

मी एक जुना नळ आहे, मित्रांनो. पण पाण्याचा नव्हे, हवेचा. लांबीला हातभर आणि मधे कोपरासारखा वाकलेला. साकीनाक्याला भीमराजच्या गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे बोट करून विचारतं, "हे काय आहे?" भीमराज उत्तर देत नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म तिथलाच. शेजारच्या गाळ्यात ऑफिसांच्या एसीचे मोठाले डक्ट बनतात. त्यातून उरलेला पत्र्याचा एक तुकडा भीमराजने मागून आणला. दोन दिवस तो मला लाकडी हातोडीने ठोकत होता. त्याने कडा दुमडल्या, रिव्हेट मारले, टोकं कानशीने घासली. मला दुखलं नाही असं नाही, पण आपलं काहीतरी चांगलं होतंय असं वाटत राहिलं.

मला श्यामकांतकाकांच्या गाडीत बसायचं होतं. काका बोरीवलीचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, आमसुली रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार. वय चाळीसच्या पुढे, इंजिन मागच्या बाजूला. थोरल्या भावामागे ती त्यांच्याकडे आली होती आणि काका तिला घरच्या माणसासारखं जपत.

त्या गाडीत हवा गरम करायची रीत अशी. इंजिनाचा मोठा पंखा हवा ढकलतो. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाभोवती पत्र्याची एक पेटी असते. हवा त्या पेटीत तापते आणि माणसं बसतात तिथे येते. पेटीतून निघाल्यावर वाटेत हीटरचा एक छोटा पंखा तिला जोर देतो. मुंबईत हीटर कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण पावसाळ्यात खिडक्या बंद केल्या की समोरची काच आतून वाफेने धूसर होते. ती साफ करायला गरम हवा लागते. काकांच्या गाडीतला छोटा पंखा गंजून घट्ट बसला होता आणि तसा दुसरा कुठे मिळत नव्हता. म्हणून तो काढून तिथे सरळ वाट करून देणारा नळ बसवायचं ठरलं.

पंखा निघाला तेव्हा त्याच्या पात्यांवर काळी काजळी होती. भीमराजने ती बोटांवर चोळली आणि हुंगली. मग त्याने मला बसवलं. इंजिन चालू झालं, काकांनी हीटरचा लिव्हर उचलला, हवा माझ्यातून सुसाट गेली, समोरची काच क्षणात लख्ख झाली.

"झकास रे भीमराज!" काका म्हणाले. त्यांनी माझा फोटोही काढला.

"साहेब, खालची पेटी खोलून बघू या," भीमराज म्हणाला. "काजळी आहे. आतला पाइप चिरला असेल तर धूर सरळ आत येईल."

"किती दिवस जातील?"

"बोल्ट गंजलेत. तुटले तर महिना, दोन महिने पण लागतील."

"म्हणजे पावसाळा गेलाच की! दिवाळीत बघू."

"मग तोवर हीटरचा लिव्हर उचलू नका."

"लिव्हर उचलायचा नाही, तर मग हा नळ बसवला कशाला?"

भीमराज घुटमळला. चावी त्याच्या हातात होती. शेवटी त्याने ती काकांना दिली.

मित्रांनो, मला हे फार उशिरा कळलं. तो घट्ट बसलेला पंखा निकामी होता, पण त्याने वाट अडवून धरली होती. मी ती मोकळी केली.

जुलैत काका आणि उत्तराकाकू दर रविवारी मुलीकडे, गंधालीकडे, मुलुंडला जाऊ लागले. मी पोकळ, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येई. पहिल्या रविवारी पवई येईपर्यंत काकू म्हणाल्या, "अहो, डोकं ठणकतंय माझं."

"पित्त असेल. सकाळी दोनदा चहा घेतलास."

मुलुंडला उतरल्यावर तासाभरात डोकं दुखायचं थांबलं. परतताना पुन्हा दुखलं. दुसऱ्या रविवारी तेच. काकूंनी डोळे तपासून घेऊन नवा चष्मा केला. तिसऱ्या रविवारी त्या नव्या चष्म्यानेही त्यांना पाट्या वाचता येईनात. काकांनाही मळमळत होतं. त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन ते खाली उतरले आणि मागे इंजिनापाशी उभं राहून त्यांनी भीमराजला फोन लावला. "ती पेटी... नाही, तसं काही नाही रे. पावसाळा संपला की आणतो." परत आत बसले, तेव्हा काकूंनी विचारलं, "कुणाचा फोन?"

"गॅरेजवाल्याचा. सहज."

आणि लिव्हर पुन्हा वर गेला. मी हवा पुढे ढकलत राहिलो. माझ्या मागच्या पेटीत त्या हवेत धुरातला जो विषारी वायू मिसळत होता, त्याला रंग नव्हता. वासही नव्हता. मला ओरडता येत नव्हतं.

चौथ्या रविवारी दुपारी पवईला रस्ता तुंबला. पाऊस इतका, की सगळ्या काचा गच्च बंद. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू. काका गंधालीच्या लहानपणीची एक गंमत सांगत होते. सांगता सांगता तेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा अर्धंच. काकूंचा आवाज तर आधीच बंद झाला होता. मी कान देऊन ऐकत होतो आणि आत कुणीच बोलत नव्हतं.

पुढच्या गाड्या हलल्या. मागून हॉर्न वाजू लागले. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली शेवंती नावाची बाई कणसं भाजत होती. तिने येऊन काचेवर थाप मारली. "ओ काका! गाडी काढा ना! झोपलात काय?"

उत्तर नाही. तिने काचेला डोळे लावले आणि किंचाळली, "अरे, ही माणसं हलत नाहीयेत! कुणीतरी या रे!" कुणी येईपर्यंत ती थांबली नाही. ताडपत्रीवरची वीट उचलून तिने काच फोडली, आत हात घालून दार उघडलं, चावी फिरवली. माझ्यातला वारा थांबला. मागच्या रिक्षावाल्याच्या मदतीने तिने दोघांना ओढून भर पावसात बाहेर काढलं.

ती दोघं वाचली. काका चार दिवसांत घरी आले. काकूंना तीन आठवडे लागले.

गाडी साकीनाक्याला ओढून आणली होती. भीमराजने मला काढून बाकावर ठेवलं आणि मग पेटी खोलली. बोल्ट खरंच तुटले. आतल्या पाइपाला बोटभर चीर होती. ती बघून तो तिथेच खाली बसला.

मग एके सकाळी गंधाली आली. मागे काका, आणि त्यांचा दंड धरून काकू. काकूंचा हात थरथरत होता. बोलता बोलता साधा शब्दही त्यांना आठवत नसे. गंधालीने मला उचलून भीमराजसमोर धरलं.

"हे तुम्ही बसवलंत ना? आईची काय वाट लागलीय बघा. कालपासून तिला माझ्या मुलीचं नाव आठवत नाहीये!"

"नळात दोष नाही ताई," भीमराज हळूच म्हणाला. त्याने पेटी पुढे केली. "इथून धूर यायचा."

"मग तेव्हाच का नाही उघडून बघितलंत?"

भीमराजने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चावी मी दिली," तो म्हणाला. "द्यायला नको होती."

तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. काका गप्प राहिले असते, तर त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. मी गंधालीच्या हातात होतो. तिची पकड इतकी घट्ट, की माझी कड दबली.

"त्याने सांगितलं होतं," काका म्हणाले. "पेटी खोलू या म्हणाला होता. लिव्हर उचलू नका म्हणाला होता. मीच ऐकलं नाही."

गंधालीने मला खाली ठेवलं. काकू काकांकडे पाहत होत्या. शब्द शोधायला त्यांना फार वेळ लागला.

"तुम्हाला... माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं दुखत होतं, तेव्हा माहीत होतं."

"उत्तरा, मला वाटलं नव्हतं इतकं..."

"मला का नाही सांगितलंत?"

काकूंनी काकांचा दंड सोडला आणि मुलीचा धरला. बाहेर रिक्षा उभी होती. त्या तिच्यात जाऊन बसल्या. भीमराजने मला उचलून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, मी साधा पत्र्याचा नळ. मला कुणी शिक्षा केली नाही आणि कुणी माफही केलं नाही. माझं एवढंच मागणं आहे. बंद गाडीत डोकं जड झालं, तर कारणं शोधत बसू नका. आधी काच खाली करा, बाहेर पडा. आणि कुणी जाणता कारागीर "उघडून बघू या" म्हणाला, तर ते एकट्याने ऐकून पोटात ठेवू नका. त्या गाडीत तुमच्या शेजारी जे माणूस बसणार आहे, त्यालाही ते सांगा. बसायचं की नाही, हे मग त्याला ठरवू द्या.