खिडक्या बंद, इंजिन चालू

गाडी रुतली तेव्हा कुणी घाबरलं नाही, हे आधी सांगायला हवं. उलट गाडीच्या मालकाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"आता बघा गंमत!" तो म्हणाला.

गंमत कसली, डोंबल! गेले कित्येक आठवडे या माणसाने अंगणात, गाडीखालीच संसार थाटला होता. ऑफिसातून आला की चहाचा कपसुद्धा गाडीखाली. कंपनीचा धडधाकट सायलेन्सर काढून त्याने आखूड, जाड नळीचा नवा आणला. बॉनेटच्या कडेने थेट छतापर्यंत एक काळी नळी चढवली. स्नॉर्केल म्हणतात तिला. गाडी पाण्यात शिरली तरी इंजिनाला वरून कोरडी हवा मिळते. "गाडीचा श्वास मोकळा झाला," तो भेटेल त्याला सांगायचा. "येणारी हवा मोकळी, जाणारा धूर मोकळा. ताकद वाढणारच!"

"ताकदीचं माहीत नाही," बायको म्हणायची, "शेजाऱ्यांची झोप उडाली एवढं खरं."

आणि सासूबाई! सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली ती बाई. "चिमण्या," त्या चाळिशी ओलांडलेल्या लेकाला म्हणायच्या, "आवाज वाढला की ताकद वाढत असती, तर मी तुझ्या बापाला केव्हाच उचलून फेकलं असतं."

सायलेन्सर बसल्यापासून गाडीत वास यायचा. बायकोने तसं सांगितलंही होतं. "नव्या नळीवरचा रंग जळतोय, जाईल हळूहळू," असं उत्तर मिळालं. नळीचा सांधा वेल्डिंग न करता नुसत्या पट्टीने आवळला होता, आणि कसल्याशा मीटरची वायर वर घ्यायला गाडीच्या तळाला भोक पाडलं होतं. हे तिला ठाऊक होतं, कारण टॉर्च तिनेच धरला होता. पण त्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होईल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. त्याच्याही नाही.

त्या दिवशी तिघं सासूबाईंच्या आजारी बहिणीला भेटायला निघाले होते. चांगला डांबरी रस्ता सोडून साहेबांनी जंगलातली वाट धरली. वरून गार पाऊस. एका उताराच्या तळाशी मागची दोन्ही चाकं राडीत बसली आणि गाडीचं बूड खाली गेलं. सायलेन्सरचं तोंड चिखलाखाली गडप झालं.

फावडं घेऊन तो उतरला आणि तिला म्हणाला, "तू इकडे बस, स्टेअरिंगवर. आणि एक लक्षात ठेव, इंजिन बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही! बंद केलंस की चिखल उलटा नळीत शिरेल आणि इंजिनाचे बारा वाजतील. मी 'दे' म्हटलं की पाय दाबायचा."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "खिडकी लाव गं बाई. वारं शिरतंय, माझा कान ठणकतो."

तिने खिडकी लावली, हीटर लावला, आणि नवऱ्याचा एक हुकूम आणि सासूचा एक हुकूम सांभाळत बसून राहिली.

"दे!"

तिने पाय दाबला. गाडी गुरगुरली, हलली नाही. मग फावड्याचे आवाज. पुन्हा "दे!" पुन्हा गुरगुर. सासूबाईंची अखंड टकळी चालली होती: बहिणीचं पथ्य, भाच्याची नोकरी, या पोराला लहानपणी रट्टे कमी पडले ते. तिचं डोकं दुखायला लागलं. दुखणारच, ती मनात म्हणाली, एकीकडे हा आवाज, दुसरीकडे तो. मग पोटात ढवळायला लागलं. सकाळी चहावर चहा प्यायला नको होता. केव्हातरी टकळी थांबली आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. चला, लागला एकदाचा डोळा.

"दे! अगं, दे ना!"

तिने पाय दाबायला घेतला. पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उशिरा हलला. तिने खाली पाहिलं. वायरच्या भोकापाशी सासूबाईंच्या पेपरमिंटचा कागद पडला होता आणि तो थरथरत होता. तिने पाय दाबला तसा तो उडाला. पाय सोडला तसा खाली बसला. पुन्हा दाबला. पुन्हा उडाला.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. काहीतरी समजायचं होतं आणि समजत नव्हतं. मग समजलं. मागचं तोंड चिखलाने बुजलंय. धूर जाणार कुठे? सांध्यातून इथे! आपल्या पायाशी! इंजिन छतावरची स्वच्छ हवा पितंय आणि आम्ही त्याचा धूर पितोय.

"आई!"

आरशात दिसलं: मान कलंडलेली, तोंड उघडं, डोळे अर्धवट.

"आई! अहो आई, ऐकताय ना?"

इंजिन बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही. अजूनही तो आवाज डोक्यात होता, आणि तिचा हात किल्लीपाशी जाऊन थबकला. एक क्षणभर, पण थबकला. मग तिने किल्ली फिरवली.

एकदम शांतता. आणि लगेच बाहेरून बोंब, "बंद का केलंस? अगं, वेडी झालीस का तू?"

तिने दार ढकललं आणि चिखलात गुडघ्यांवर पडली. गाडीला धरून उठली, मागचं दार उघडलं आणि सासूबाईंच्या काखांत हात घालून जिवाच्या आकांताने ओढलं. बाई देहाने थोराड. तिला त्या हलवेनात. ती रडत होती, शिव्या देत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. शेवटी दोघी एकदमच चिखलात कोसळल्या.

नवरा धावत आला. "आई," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही. तो त्यांच्या शेजारून पुढे गेला, पुढच्या सीटवर चढला आणि त्याने किल्ली फिरवली.

घर्र... घर्र...

लग्न झाल्यापासून तिने त्याला एकेरी हाक मारली नव्हती. आता ती जी ओरडली, ती साऱ्या जंगलाला ऐकू गेली.

"अरे, आई गेली तुझी!"

तेव्हा त्याने मान वळवली.

पुढचं सगळं धावपळीचं. श्वास चालू होता, बारीकसा. त्याने आईला पाठीवर घेतलं आणि रडत, घसरत, धापा टाकत डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मागून ती, दर चार पावलांना ओकत. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, काही विचारलं नाही, थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सासू-सुनेला शेजारशेजारच्या खाटांवर झोपवून दोघींच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. "अजून थोडा वेळ गेला असता तर..." एवढंच म्हणाले. तिला हुडहुडी भरली होती, ती काही केल्या थांबेना. डोळे मिटले की तो कागद थरथरताना दिसायचा, म्हणून ती डोळे मिटेना.

दिवेलागणीला सासूबाईंना बोलता यायला लागलं. नवरा दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसला होता. अंगावरचा चिखल वाळून त्याचे पोपडे पडत होते.

"आई, कसं वाटतंय?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सुनेकडे मान वळवली आणि तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"आई, बोलू नका," ती घाईने म्हणाली. "आम्ही दोघांनी तुम्हाला बाहेर काढलं. ह्यांनी पाठीवरून आणलं तुम्हाला."

नवऱ्याने मान खाली घातली.

"मला दिसत होतं," सासूबाई म्हणाल्या. आवाज घोगरा, पण शब्द गणिताच्या बाईंचे, एकेक सुटा. "हात उचलत नव्हता, जीभ हलत नव्हती. पण चिखलात पडले होते ना, तेव्हा मला सगळं दिसत होतं."

मग त्यांनी मास्क स्वतःच्या हाताने जागेवर लावला आणि दुसरा हात सुनेच्या खाटेकडे लांब केला. तिने तो धरला. स्टुलावरचा माणूस उठला, भिंतीपर्यंत गेला, आणि आता जायचं कुठे ते न कळून तिथेच उभा राहिला.