अराबाच्या हंडीतली खरवड

मी एक जुनी हंडी आहे. पण माझी हकिगत नंतर. आधी मला मान्साची तक्रार करायची आहे. ती पोटातून निघाल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही.

मित्रांनो, मान्सा म्हणजे आमच्या अराबाची धाकटी लेक. सेकोंडी नावाच्या गावात, समुद्राच्या अंगाला आमचं घर आहे. रोज सकाळी ही मुलगी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या हाजियाकडून वाअचे घेऊन यायची. वाअचे म्हणजे तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेला लाल भात. वर शितो नावाची काळी झणझणीत चटणी, तळलेला मासा, उकडलेलं अंडं, आणि सगळं रुंद हिरव्या पानांत बांधलेलं. पुडा घेऊन ती अंगणातून आत शिरायची. आईकडे बघायची नाही, मग माझ्याकडे कुठली बघते! खोलीचं दार लावून घ्यायची. थोड्या वेळानं दार उघडायचं आणि ती तेलकट, चुरगळलेली पानं कुठं येऊन पडायची? माझ्या पोटात.

हो, माझ्या पोटात! नावेवरचे सगळे खलाशी जिच्यातलं खाऊन तृप्त होऊन उठले, तिची या मुलीनं कचऱ्याची कुंडी केली. मला तोंड आहे, चांगलं रुंद आहे, पण माणसांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही. नाहीतर त्याच दिवशी तिला सुनावलं असतं.

आता माझा जन्म ऐका. मी भंगारातून जन्मले. ते सांगायला मला लाज वाटत नाही, कारण माझं भंगारही खानदानी होतं. मालमोटारीच्या इंजिनाचे तुकडे, पंख्याची पाती, एका किटलीचं झाकण आणि कुणाच्या तरी खिडकीची चौकट, सगळं ॲल्युमिनियमचं. ओपोकू कारागिरानं ते सगळं भट्टीत वितळवलं आणि वाळूच्या साच्यात ओतलं. जिथून ओतलं तिथं माझ्या बुडाशी अजून बेंबी आहे. दोन बाजूंना दोन कान आहेत. चुलीवर बसायला मात्र तीन दगड लागतात.

मला घ्यायला अराबाची आई आली. ती एकेका हंडीला बोटाच्या पेरानं ठोकायची आणि कान लावायची.

“ही खोकते,” ती म्हणाली. “ही तर मुकीच आहे.”

ओपोकू वैतागला. “आजी, हंडी घ्यायला आलात की चर्चमध्ये गायला बसवायला?”

“जी नीट वाजत नाही ती लवकर फुटते, समजलं? पोरीला नांदायला पाठवतेय मी, रडायला नाही.”

मग तिनं मला ठोकलं. मी अशी वाजले की शेजारचा लोहार मान वळवून बघायला लागला. अराबाच्या आईनं मला डोक्यावर ठेवलं आणि ती चालायला लागली.

अराबाचा नवरा क्वामिना नावेचा मालक होता. मंगळवारी समुद्राला सुट्टी असते, कुणी नाव ढकलत नाही. त्या दिवशी सगळे खलाशी आमच्या अंगणात जाळी शिवायला बसायचे आणि मी दिवसभर चुलीवर असायचे. शेंगदाण्याचं कालवण, माशाचा रस्सा, भात. माझा बाहेरचा काळा रंग त्या दिवसांची कमाई आहे. बारसं असो की मयत, वाडीतून निरोप यायचा, “अराबाची हंडी आणा, नाहीतर भात पुरायचा नाही.”

अराबा मला देताना बजावायची, “नेतेस तशी आण. हिला पोचा आला तर तुझ्या डोक्याला आणीन.”

मला कधी पोचा आला नाही.

सगळ्यांची जेवणं झाली की पोरं माझ्याभोवती जमायची. बुडाला लागलेल्या खरवडीसाठी त्यांची मारामारी व्हायची. मान्सा सगळ्यांत लहान. भांडणात ती हरायची आणि मग अख्खं डोकं माझ्यात घालून उरलंसुरलं नखांनी खरवडत बसायची. आत ती हसली की ते हसू माझ्या पोटात घुमायचं. इतकं गोड दुसरं काही माझ्यात कधी शिजलं नाही.

पुढं क्वामिना तापानं गेला. नाव विकली. मुलगे मासेमारीला दूर आबिजानला गेले ते तिकडचेच झाले. मोठ्या दोन मुली आपापल्या घरी नांदायला गेल्या, मान्सा लग्न करून कुमासीला गेली. भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणतात. या घरात दुसरं भांडंच उरलं नाही, लागणार कशाला? अराबा एका लहानशा पातेलीत एकटीपुरतं काहीतरी उकळायची आणि उभ्याउभ्याच खायची. मी अंगणात पालथी पडले. एका कोंबडीनं माझ्या आडोशाला संसार थाटला, तिचाही आटोपला. मला गंज चढत नाही. चढला असता तर निदान कुणाचं लक्ष तरी गेलं असतं.

मग एक दिवस मान्सा परत आली. लग्न मोडलं होतं. का मोडलं ते तिनं सांगितलं नाही, आणि अराबानं विचारलं नाही. ताकोराडीला एका शिंप्याकडे ती मशीनवर बसायला लागली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं दोन पुडे आणले. एक आईपुढं धरला.

अराबानं मानही वर केली नाही. “रस्त्यावरचं मी खात नाही. माझे हात काय कुणी तोडून नेलेत?”

त्यानंतर एकच पुडा यायला लागला, आणि दार लागायला लागलं. पालथी हंडी पानं टाकायला सोयीची नाही म्हणून मान्सानं मला सुलटं केलं. बघा, कितीतरी दिवसांनी मी आभाळ पाहिलं, ते असं.

हाजियाचा भाव दर महिन्याला वाढायचा आणि पुडा बारीक व्हायचा. अंड्याचे वेगळे पैसे, माशाचे वेगळे. तरी मान्सा कमाईतलं तिकडंच घालायची. आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, मी ताकोराडीला खोली घेतलीय. शनिवारी जाते. तसंही इथं मी फक्त झोपायलाच असते.”

“जा की,” अराबा म्हणाली. “दाराला कुलूप कुठं आहे?”

मान्सा आत गेली. अराबा माझ्याजवळ येऊन बसली. माझ्यातली पानं तिनं एकेक करून बाहेर काढली. एक नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं.

“तांदूळ आणि चवळी,” ती मला म्हणाली. “यात काय मंत्र आहे? हिच्या एका पुड्याच्या पैशात आपण दोघी दोन वेळा पोटभर जेवू.”

दोघी म्हणजे ती आणि मान्सा, की ती आणि मी, ते मला कळलं नाही. मी विचारायच्या फंदात पडले नाही. तिनं मला घासून तीन दगडांवर ठेवलं, तेवढं पुरे होतं.

पण मित्रांनो, अराबा समुद्राकाठची बाई. भात लाल कशानं होतो ते तिला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे भेंडीच्या कालवणात खाराचा, पापडखारासारखा, खडा टाकतात. तिला वाटलं, रंग त्याचाच, फक्त खडा मोठा हवा. तिनं मुठीएवढा टाकला. खार माझ्या अंगाला असा झोंबला की आतून मी काळी पडले. चवळीचा चिखल झाला, तांदूळ फुटला, आणि रंग आला तो ओहोळाच्या गढूळ पाण्याचा.

अराबानं ताट वाढून मान्सापुढं सरकवलं.

मान्सानं एक घास घेतला. “आई, हे जेवण आहे की धुणं?”

“नको खाऊस. कुत्र्याला घालीन.”

“का गं? कुत्र्यानं काय वाईट केलंय?”

आणि ती हसली. खूप दिवसांनी त्या अंगणात कुणीतरी हसलं. पण हसता हसता तिनं चपला घातल्या आणि ती हाजियाकडे गेली. अन्न टाकू नये म्हणून अराबा ते अख्खं ताट एकटीच खात बसली. प्रत्येक घासाला तोंड वाकडं करत होती, पण तिनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मला डोक्यावर घेऊन ती सार्वजनिक नळावर निघाली, वाळूनं घासायला. नळ हाजियाच्या टपरीला लागूनच आहे. हाजिया उत्तरेकडची, धिप्पाड बाई, हातातला डाव कधी खाली ठेवत नाही. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं.

“अराबा, हिला काय ग्रहण लागलं?”

“जुनी आहे. तुझं काय जातं?”

हाजियानं वास घेतला. “खार! अगं बाई, एवढा? तुम्हा समुद्रवाल्यांना वाटतं, जगातलं सगळं खारानंच शिजतं. माझा भात करायला गेलीस ना?”

अराबानं मान खाली घातली आणि मला वाळूनं घासायला लागली.

हाजियानं फळीखालून ज्वारीच्या वाळक्या, लाल पात्यांची एक जुडी काढली. “आमच्या गावाकडची आहे. आधी ही उकळायची. पाणी लाल झालं की चवळी. चवळी दबली की तांदूळ. आणि खार नखाएवढा.”

“फुकट नको मला.”

“फुकट कोण देतंय? पोरगी ताकोराडीला गेली की माझं गिऱ्हाईक जातं आणि तुझी लेक. नुकसान दोघींचं.” मग ती डाव हलवत म्हणाली, “पण विचित्र आहे हं तुझी पोर. रोज म्हणते, हाजिया, बुडाचं दे, करपलेलं दे. मी म्हणते, वरचं विकते मी. खरवड कुठं विकतात का? ती माझ्या घरच्यांची.”

अराबानं जुडी घेतली. पैसे फळीवर ठेवले. परत येताना तिनं मला डोक्यावर घेतलं नाही, पोटाशी धरलं.

शनिवारी मान्सा उठली तेव्हा मी तीन दगडांवर होते आणि झाकणाखालून लालसर फेस येत होता. थोड्या वेळानं ती पिशवी घेऊन बाहेर आली. ती थांबली. अराबानं “ये” म्हटलं नाही, “बस” म्हटलं नाही. नुसतं एक लाकडी स्टूल पायानं पुढं ढकललं.

मान्सा बसली. एकाच परातीत दोघी जेवल्या. मासा होता, शितो होती.

“हाजियाचा जास्त चांगला असतो,” मान्सा म्हणाली.

“असणारच. ती रस्त्याला जेवू घालते, मी तुला.”

मग अराबानं मला चुलीवरून उतरवलं आणि मान्सापुढं कलतं केलं. खाली खरवड होती, लाल, कडक, काठाला काळी. मान्सानं डाव घेतला, मग तोही बाजूला ठेवला आणि नखांनी खरवडायला लागली. तिचं डोकं खाली आलं, केस माझ्या काठाला लागले. आत काहीतरी ओलं पडलं. शितोच्या तिखटानं असेल. मी चौकशी केली नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. मान्सा उठली. खोलीचं ठरलं होतं, ते एका ताटभर भातानं थोडंच बदलतं? ताकोराडी लांब नाही. पण यावंसंच वाटलं नाही तर शेजारचं गावसुद्धा लांबच.

शेवटचं सांगण्याआधी, मित्रांनो, माझं एक मागणं आहे. बाहेरचं खाऊ नका असं मी म्हणणार नाही. हाजियाच्या हाताला चव आहे, हे अराबानंही कबूल केलंय. पण ज्या भांड्याच्या बुडाशी तुमच्या नखांचे ओरखडे आहेत, त्याला पालथं टाकू नका. आत कचरा तर मुळीच टाकू नका. रिकामं भांडं काय करतं, ठाऊक आहे? ऐकत राहतं. दर शनिवारी अराबा मला आतून फडक्यानं पुसते आणि फाटकाकडे तोंड करून बसते. मीही बसते. कधी फाटक वाजतं. कधी नुसता समुद्र वाजतो.

तर त्या सकाळी मान्सा फाटकापर्यंत गेली आणि मागं वळली.

“आई, उरलंय ते पानात बांधून दे ना. संध्याकाळी खोलीवर खाईन.”

अराबानं माझ्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात ठेवला.

“हे बघ मान्सा, इथलं बांधून मिळत नाही. खायचं असेल तेव्हा यायचं, माझ्याजवळ बसायचं, आणि जाताना हंडी घासून जायचं.”